पहिलं प्रूफ

छापखान्याच्या बाई फार शांत स्वभावाच्या, असं त्या शहरातली सातही हॉटेलवाली मंडळी छातीठोकपणे सांगत. मेनूकार्ड छपाईला जायच्या क्षणी कुणी तीन पदार्थ बदलले, कुणी रंग आवडला नाही म्हणून अख्खा गठ्ठा परत आणला, तरी बाईंच्या कपाळावर आठी पडत नसे. हे सगळं खरं होतं. पण शांत असणं वेगळं आणि डूख न धरणं वेगळं. बाईंचा डूख छापखान्याच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, एका निळ्या फायलीत एकोणीस वर्षं सुखरूप होता.

बाईंचं वय त्रेचाळीस. चष्मा कायम कपाळावर, आणि तो कुठे ठेवलाय हे शोधण्यात दिवसाची पंधरा-वीस मिनिटं जात. पुढच्या खोलीत संगणक आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं, मधल्या खोलीत दोन यंत्रं, मागे कागदाच्या थप्प्या. जुने मालक थकल्यावर छापखाना बाईच चालवत. शाळांच्या प्रश्नपत्रिका, दुकानांची पत्रकं, दर गुरुवारी निघणारं साप्ताहिक आणि हॉटेलांची मेनूकार्डं, एवढं त्यांचं जग. जग म्हणजे अगदी शब्दशः जग, कारण शहर लहान असलं तरी त्याच्या जिभेला पाय फुटलेले होते.

झालं होतं असं, की इथली माणसं पोटासाठी लांबलांबच्या देशांत जात आणि पंधरा-वीस वर्षांनी परत येत. येताना तिथला स्वयंपाक हातात घेऊन येत. जहाजावर खानसामा असलेला एक जण इटालियन जेवण शिकून आला आणि बसस्टँडमागच्या रस्त्यावर त्याने भट्टी पेटवली. त्याच्या शेजारी नूडलवाली आली, तिचं तरुणपण चीनमधल्या एका खानावळीत कणीक ताणण्यात गेलं होतं. इथिओपियात गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर आले. ते आंबट, जाळीदार, ताटाएवढ्या भाकरीवर सगळी कालवणं वाढत आणि कुणी चमचा मागितला तर वर्गात कान धरावा तसं बघत. मासळीच्या कारखान्यात राबलेल्या दोन भावांनी जपानी हॉटेल काढलं. मग मेक्सिकोचं आलं, तुर्की पाववाल्याचं आलं, आणि कोपऱ्यावर एका विधवेने फ्रेंच पद्धतीच्या गोड पदार्थांचं आणि आइस्क्रीमचं दुकान थाटलं.

बाई दर शनिवारी यांपैकी एका हॉटेलात एकट्या जेवत. सुरुवातीला त्यांची फजितीच झाली. जपानी भावांकडचा कच्च्या माशाचा पहिला तुकडा त्यांनी हळूच कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि पर्स आठवडाभर उन्हात ठेवावी लागली. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी आणखी एक ताटली मागवली. मेक्सिकन हॉटेलात कोंबडीच्या रश्श्यात चॉकलेट घातलंय हे कळल्यावर त्या आधी घाबरल्या, मग बोटं चाटत बसल्या. खाताना डोळे मिटत, आणि संपल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून एकच प्रश्न विचारत, तो प्रश्न असा अचूक असे की मास्तरसुद्धा खूश होत. एकोणीस वर्षांत त्यांची जीभ इतकी तयार झाली की नूडलवाली नवा रस्सा केला की आधी वाटीभर छापखान्यात पाठवत असे.

बाई बाहेर जेवत त्याचं कारण मात्र शौक नव्हतं. घरी जेवणात चव नव्हती, आणि ती का नव्हती ही या गोष्टीची खरी सुरुवात आहे.

बाईंना थोरली बहीण होती. ताई बारा वर्षांनी मोठी, आई गेल्यावर बाईंना तिनेच वाढवलेलं. ताईने अकरा वर्षं लेबनॉनमध्ये एका घरी स्वयंपाक केला. त्या घरातल्या म्हातारीने तिला आपल्या शेजारी उभं करून सगळं शिकवलं. भाजलेल्या वांग्याचं मऊसूत वाटण, चण्याची तेल सोडलेली चटणी, पुदिना आणि लिंबाने तरतरीत झालेली कोशिंबीर, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या बोटभर सुरळ्या. ताई परत आली ती सामानात मसाल्यांच्या पुड्या घेऊन. तिने सहा टेबलांचं हॉटेल काढलं, सहाही टेबलं स्वतः रंगवली. मेनूकार्ड अर्थातच धाकट्या बहिणीने केलं. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या, छापखान्यात नुकत्याच कामाला लागलेल्या.

आणि त्याच शहरात रुमालवाले होते. साप्ताहिकात त्यांचा ‘ताटासमोर’ नावाचा स्तंभ येई. वर त्यांचा फोटो असे, गळ्यात पांढरा रुमाल खोचलेला, हातात चमचा, चेहऱ्यावर असा भाव की जगातल्या सगळ्या चुली यांच्याच परवानगीने पेटतात. रुमालवाल्यांनी चांगलं लिहिलं की हॉटेलापुढे रांग लागे, वाईट लिहिलं की लोक दारापर्यंत येऊन, काच बघून, पुढे जात.

ताईच्या हॉटेलाबद्दल त्यांनी लिहिलं, ते वाक्य बाईंना अजून पाठ होतं. ‘द्राक्षाच्या पानांच्या सुरळ्या वातड, आंबट, आणि आतला भात कच्चा. परदेशात भांडी घासून आलेल्या प्रत्येकीला स्वयंपाक येतोच असं नाही.’

ताईने परदेशात भांडी घासली होती, तेही खरंच. पण सुरळ्या तिने केल्याच नव्हत्या. पानं ज्या पिंपातून यायची होती ते पिंप वाटेत फुटलं, निरोप मंगळवारी आला, आणि ताईने तो पदार्थ कार्डातून काढून टाकायला सांगितला. छापलेल्या एकाही कार्डावर सुरळ्यांचं नाव नव्हतं. ते होतं फक्त सोमवारच्या पहिल्या प्रूफावर.

आणि ते पहिलं प्रूफ सोमवारी संध्याकाळी केस विंचरून, चांगले कपडे घालून, रुमालवाल्यांच्या घरी कोण घेऊन गेलं होतं, तर बाई स्वतः. ताईला न विचारता. ताईचं नवीन हॉटेल आहे, जरा चांगलं लिहा, असं त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या. रुमालवाले टेबलाशी बसलेले, पुढ्यात कपभर दूध आणि कोरडा पाव. कागद घेऊन ते ‘बघू’ म्हणाले. एवढंच. बाईंनी ही गोष्ट ताईला सांगितली नाही, कुणालाच सांगितली नाही. जिभेच्या टोकावर शेकडो वेळा आली आणि शेकडो वेळा त्यांनी ती गिळली.

हॉटेल तीन महिन्यांत बंद पडलं. ताईने सहाही टेबलं देऊन टाकली आणि सरकारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. घरात त्या दिवसापासून भात, उकडलेला बटाटा, पातळ डाळ, आणि मीठ वेगळं. सणावाराला नाही, दुखण्याखुपण्याला नाही, बाईंच्या वाढदिवसालाही नाही. एकदा बाईंनी भीत भीत वांग्याचं विचारलं. ताई म्हणाली, विसरले गं सगळं. बाईंनी मान खाली घालून बटाटा खाल्ला. ताईचा हात त्या माणसाने मारला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं, आणि मनाच्या त्याच कोपऱ्यात स्वतःचा कागद दडवून वर रुमालवाल्यांना बसवलं. रागाला असं एक माणूस बसायला मिळालं की फार सोय होते.

निळी फाइल तेव्हापासूनची. त्या शहरात रिवाजच होता, कुठल्याही हॉटेलाच्या नव्या कार्डाचं पहिलं प्रूफ रुमालवाल्यांकडे जायचं. परकी नावं बरोबर लिहिता यावीत म्हणून ते मागवून घेत. रिवाज कधी पडला हे कुणी विचारत नसे, बाईही विचारत नसत. पण पहिलं प्रूफ आणि छापलेलं कार्ड यांत फरक पडतोच. खानसाम्याने मशरूमचा भात खोडून भोपळ्याचा केला, तर स्तंभात मशरूमच्या भाताचं कौतुक. नूडलवालीचं हॉटेल सासरे वारले म्हणून अख्खा आठवडा बंद, तर स्तंभात तिच्या नूडल्स दोरखंडासारख्या. बाई प्रत्येक वेळी पहिलं प्रूफ, छापील कार्ड आणि स्तंभाचं कात्रण एकत्र टाचत आणि फायलीत घालत. माणूस हॉटेलात पाऊल टाकत नाही, कागद वाचून ढेकर देतो, हे त्यांना चौथ्या-पाचव्या कात्रणातच कळलं होतं.

मग एकोणीस वर्षं गप्प का बसल्या, असं कुणी विचारेल. एक तर फाइल उघडायची म्हणजे तिच्यातला पहिला कागद उघडायचा. दुसरं, अशा माणसाला निसटायला वाटा फार. त्या दिवशी मशरूमचाच भात होता, मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो, असं तो काहीही म्हणाला असता. बाईंना त्याला वाटच ठेवायची नव्हती. त्यांना तो चारीमुंड्या चीत हवा होता, सगळ्या शहरासमोर, स्वतःच्या अक्षरांनी.

संधी आली ती साप्ताहिकाच्या वर्धापनदिनाच्या अंकाने. संपादकांनी ठरवलं, रुमालवाल्यांचं पानभर लेखन, ‘एका शहरात सात देश’. त्या निमित्ताने सातही हॉटेलांनी नवी कार्डं करायला टाकली. बाईंनी सातही जणांना एका दुपारी छापखान्यात बोलावलं, बाकड्यावर बसवलं, आणि निळी फाइल पुढे ठेवली. पहिला कागद तेवढा आधीच काढून ठेवलेला होता.

बेत साधा होता. प्रत्येकाच्या पहिल्या प्रूफात एक पदार्थ असा घालायचा, जो त्यांनी कधी केला नाही, करणार नाहीत, आणि होऊच शकत नाही. छापील कार्डात तो नसेल. शिवाय आठवडाभर प्रत्येक हॉटेलात रुमालवाल्यांच्या नावाने एक टेबल राखून ठेवायचं, म्हणजे कुणी म्हणायला नको की त्यांना जागा मिळाली नाही.

मंडळींची पाचावर धारण बसली. रुमालवाल्यांशी वाकडं घ्यायचं म्हणजे नदीत राहून माशाशी, असं काहीतरी पाववाला पुटपुटला. पण नूडलवालीने स्वतःचं कात्रण वाचलं. सासऱ्यांच्या मरणाची तारीख तिने बोटावर मोजली, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, माझ्यात काय घालायचं ते घाला. मग प्रत्येकाने फायलीत आपापला कागद शोधला, आणि खोलीतली भीती एकेक करून रागात बदलत गेली. बाई ते बघत उभ्या होत्या. इतका आनंद त्यांना कुठल्याच शनिवारी झाला नव्हता.

पदार्थ बाईंनीच रचले. सुरुवात जपून केली. खानसाम्यासाठी समुद्राच्या पाण्यात मुरवलेलं चीज, मास्तरांसाठी हिरव्या कॉफीच्या बियांचं कालवण. मग हात मोकळा सुटला. मेक्सिकन कार्डात निवडुंगाच्या काट्यांची कोशिंबीर आली. जपानी भावांच्या कार्डात ‘माशाच्या सावलीत शिजवलेला भात’ आला, तेव्हा धाकटा भाऊ हसून हसून बाकड्यावरून घसरला. शेवटी आइस्क्रीमवालीच्या कार्डात बाईंनी लिहिलं, वाफवलेलं आइस्क्रीम.

मास्तरांनी हरकत घेतली. “बाई, हे जरा जास्त होतंय. एवढं कुणी गिळणार नाही.”

“मास्तर, ते गिळतच नाहीत,” बाई म्हणाल्या. “तेच तर दाखवायचंय.”

सात प्रूफं रीतसर लखोट्यात घालून गेली. आठवडाभर सात टेबलं राखीव राहिली, सात पांढरे रुमाल घडी करून ठेवलेले राहिले. संध्याकाळी बाई प्रत्येक हॉटेलावरून चालत जात आणि काचेतून रिकामी खुर्ची बघत. रिकामी खुर्ची बघून पोट भरतं, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं.

बुधवारी सकाळी मजकूर आला. साप्ताहिकाचा रिवाज असा, की लेख संपादक वरवर चाळून पाठवत, पण जाहिराती थेट छापखान्यात येत आणि पानावर त्यांची जागा बाईच ठरवत. बाईंनी चष्मा शोधला आणि लेख वाचायला घेतला. चीज खारटसर पण खानदानी होतं. कॉफीच्या बियांचं कालवण थोडं कडवट, तरी मास्तरांच्या शिस्तीला शोभणारं. निवडुंगाचे काटे नेमके कोवळे निवडलेले. माशाची सावली भाताला पुरेशी लागली नव्हती. आणि वाफवलेलं आइस्क्रीम, रुमालवाल्यांच्या मते, दोन मिनिटं जास्त वाफवलं गेलं होतं.

बाई उठल्या, दार लावून घेतलं, आणि मागच्या खोलीत कागदाच्या थप्पीवर डोकं टेकून पोटभर हसल्या. हसता हसता एकदा रडूही आलं, ते त्यांनी हसण्यातच उरकलं. एरवी लेखात चूक दिसली की संपादकांना फोन करणं हे त्यांचं काम होतं. त्या दिवशी त्यांनी एक स्वल्पविरामही हलवला नाही. मनात आलं, अजून वेळ आहे, एक फोन केला तर म्हाताऱ्याची अब्रू वाचेल. लगेच दुसरं मनात आलं, ताईच्या सहा टेबलांसाठी कुणी फोन केला होता? त्यांनी पान लावलं. समोरच्या पानावर सात हॉटेलांची एकत्र जाहिरात घेतली. ‘खालील सात पदार्थ आमच्याकडे कधीही झाले नाहीत, होत नाहीत, आणि होऊ शकत नाहीत. बाकी सगळं गरम आहे. जरूर या.’ खाली सात सह्या, आणि राखीव टेबलांचे सात फोटो.

गुरुवारी नऊ वाजेपर्यंत शहराला वेड लागायचं तेवढं बाकी राहिलं. लोक अंक दोन हातांत धरून एकदा डाव्या पानाकडे, एकदा उजव्या पानाकडे बघत होते. आइस्क्रीमवालीकडे शाळेतली पोरं रांगेने येऊन वाफवलेलं मागत होती. संपादकांनी दहा वाजता छापखान्यात फोन करून थयथयाट केला, अकरा वाजता अंक संपला म्हणून आणखी छापायला सांगितला, आणि बाराच्या आत ‘ताटासमोर’ बंद झाल्याचं जाहीर केलं.

दुपारी रुमालवाले आले. पायऱ्या चढताना त्यांनी कठड्याला धरलं. गळ्यात रुमाल नव्हता, आणि त्याच्याशिवाय ते कुणीही म्हातारे गृहस्थ वाटत होते, हाडं वर आलेले, शर्टाची कॉलर दोन बोटं सैल. बाकड्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं. बाईंनी दिलं, पण उभं राहून दिलं.

त्यांनी सांगितलं, बावीस वर्षांपूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून दूध आणि पाव यांखेरीज काही टिकत नाही. स्तंभ गेला असता तर त्यांच्याकडे दुसरं काय होतं. हे ते रडगाणं म्हणून सांगत नव्हते, नुसतं सांगत होते. बाईंना वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, याचा विचार त्यांनी नंतर पुष्कळ केला, पण त्या वेळी वाटलं नाही, हे खरं.

“मग दुधाबद्दल लिहायचं होतंत,” त्या म्हणाल्या. आणि एकोणीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं बाहेर काढलं. सहा टेबलं, द्राक्षाची पानं, भांडी घासून आलेली बाई. प्रत्येक शब्द सावकाश, समोरच्याला लागावा म्हणून.

रुमालवाल्यांना आठवेना. त्यांनी खरंच प्रयत्न केला, कपाळावर हात ठेवून बसले, पण हॉटेल आठवेना, ताई आठवेना, ते वाक्यसुद्धा आठवेना. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या नावाने इतकी वर्षं घास कडू केला, त्या माणसाच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

मग त्यांनी मान वर करून बाईंकडे नीट बघितलं. “थांबा. प्रूफ घेऊन आलेली मुलगी, ती तुम्हीच ना?”

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

“ते मला कधीच विसरायचं नाही,” रुमालवाले म्हणाले. “त्याआधी मी जायचो हो हॉटेलात. दोन घास चिवडायचो आणि घरी येऊन ओकायचो. तुम्ही तो कागद दारात आणून दिलात आणि मला वाटलं, अरे, जायची गरजच काय? नंतर मी सगळ्यांचीच प्रूफं मागवायला लागलो. तुमचे फार उपकार झाले माझ्यावर.”

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते मनापासून म्हटलं, पेला बाकड्यावर ठेवला, आणि कठड्याला धरून उतरून गेले.

रिवाज कधी पडला ते बाईंना आता कळलं. फायलीतल्या सगळ्या कात्रणांचं मूळ त्यांच्याच विंचरलेल्या केसांत होतं. नूडलवालीने दुपारी वाडगाभर रस्सा पाठवला, सोबत चिठ्ठी, आमच्या वाघिणीला. बाईंनी तो झाकून ठेवला. झाकणाखाली त्याच्यावर तेलाची साय धरली.

संध्याकाळी घरी ताई स्वयंपाकघरात बसलेली होती. गुरुवारी तिला यायला नेहमीच उशीर होई, आणि हातांना लिंबाचा वास येई. इस्पितळात गुरुवारी फरशा धुतात, त्या साबणाचा तो वास असणार, असं बाईंनी कधीचं ठरवून टाकलं होतं. इस्पितळातल्या परिचारिका रस्त्यात भेटल्या की म्हणत, तुमची काय बाई चैन आहे, घरातच अशी सुगरण. बाईंना तो टोमणा वाटे, आणि त्या हसून पुढे जात.

टेबलावर अंक होता, घडी घातलेला. म्हणजे ताईने वाचला होता. बाई समोर बसल्या आणि वाट बघू लागल्या. या एका क्षणासाठी त्यांनी निळी फाइल जपली होती. ताई आता काहीतरी म्हणेल, उठेल, चूल पेटवेल, एकोणीस वर्षं सुटतील.

“त्याला चांगली अद्दल घडवलीस,” ताई म्हणाली. “वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.”

“तुझ्यासाठी केलं, ताई.”

“माझ्यासाठी?” ताईने अंकाची घडी अजून एकदा घातली. “छापील कार्डावर सुरळ्या नव्हत्याच. पहिल्या प्रूफात होत्या. आणि पहिलं प्रूफ तुझ्या हातात होतं.”

बाईंना वाटलं खुर्चीखालची फरशी गेली. ताईचा आवाज मात्र भाजीचा भाव सांगावा तसा सरळ होता. तिने सांगितलं, स्तंभ वाचला त्याच दिवशी तिला कळलं होतं. धाकटी येईल आणि सांगेल, म्हणून ती वाट बघत राहिली. आधी आठवडाभर, मग वर्षभर, मग ती वाट बघण्याचीच सवय झाली. हात कुणीही मारला नव्हता. इस्पितळाच्या मागच्या भिंतीवर तिने द्राक्षाचा वेल लावला होता, आणि दर गुरुवारी कामावरच्या पस्तीस माणसांना ती सगळं करून घालत होती. वांगं, चणे, कोशिंबीर, सुरळ्या. एकोणीस वर्षं, एकही गुरुवार न चुकवता.

“मी काही विसरले नव्हते,” ताई म्हणाली. “फक्त तुला घालत नव्हते.”

बाईंनी मग सांगितलं. केस विंचरले तिथपासून सांगितलं, दारातलं वाक्य सांगितलं, दुपारचे उपकारही सांगितले. सगळं संपल्यावर ताई उठली आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत सुरळ्या होत्या, ओळीने लावलेल्या, तेलाने चकाकणाऱ्या. तिने त्यांतली एक ताटलीत ठेवली आणि ताटली बाईंकडे सरकवली.

बाईंनी डोळे मिटले, सवयीने. पान दातांखाली जेमतेम थांबलं आणि विरघळलं. मग लिंबू आलं, मग पुदिना, मग भाताचा प्रत्येक दाणा वेगळा. सात देशांच्या चवी एकोणीस वर्षं धुंडाळलेल्या त्या जिभेला तत्क्षणी समजलं, की इतक्या शनिवारांत असं काही आपल्या तोंडात पडलं नव्हतं. आणि हे आपल्याच ताईच्या हातून, दर गुरुवारी, आपल्याला सोडून सगळ्यांसाठी होत होतं.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ताई डब्याचं झाकण लावत होती.

“ताई, अजून एक.”

“एवढी वर्षं एका दिवसात नाही भरायची,” ताई म्हणाली. “पुढच्या गुरुवारी एक.”

तिने डबा पिशवीत ठेवला, पिशवी खुंटीला अडकवली, आणि बटाटे उकडत टाकले.